पुस्तकातली मराठी कैनाडला जाते

शनिवारी दुपारी डहाणू रोडला आम्ही गाडीतून उतरलो आणि फलाटावर बघ्यांची गर्दी जमली. कारण सरळ होते. आमच्याबरोबरचे सात-आठ गोरे विद्यार्थी एकमेकांशी चक्क मराठीत भांडत होते! भांडणाचा विषय काय, तर चिकू हा ‘तो’ की ‘ते’? शेवटी टोपली घेऊन बसलेल्या बाईनेच न्याय दिला. “तो चिकू. घे, खाऊन बघ!”

परदेशी मंडळींनी मराठी शिकायला पुण्यात यावे, यात आता नवल राहिलेले नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था १९६१ साली निघाली आणि तिच्यामार्फत कितीतरी जण पुण्यात मराठीचे धडे गिरवून गेले. मॅक्सीन बर्नसनबाई तर मराठीच्या अभ्यासासाठी फलटणला आल्या आणि इथल्याच झाल्या; भारताचे नागरिकत्व घेतले, शाळा काढली, आणि जाई निंबकरांबरोबर परक्यांसाठी मराठी शिकवणारी पुस्तकेही लिहिली. आमची मुले त्याच वाटेवरची, पण अजून पहिल्याच मुक्कामावर होती. त्यांच्या शिक्षिका म्हणाल्या, “सदाशिव पेठेबाहेरही मराठी आहे हे त्यांना कळू दे.” म्हणून शनिवार-रविवार कैनाड.

डहाणूच्या चिकूच्या वाड्या मागे पडल्या, की रस्ता पूर्वेला डोंगरांकडे वळतो. भाताची खाचरे, ताडाची झाडे, आणि विखुरलेले वारल्यांचे पाडे. आम्ही उतरलो त्या घराच्या कुडाच्या भिंतीवर गेरू होता आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक. मधोमध पालघाट देवी. हा चौक सवाशिणींनी लिहायचा आणि धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचे, ही जुनी रीत. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही बायकांची कला हाती घेतली, भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रांचे कौतुक मुलांना पुण्यातच ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचेच.

एका उंच मुलीने वही उघडली आणि घरातल्या आजीला विचारले, “आपला जन्म कोणत्या साली झाला?” वाक्य अगदी शुद्ध होते. आजी हसली आणि नातीकडे बघू लागली. नात चौथीतली. तिने प्रश्न आपल्या बोलीत आजीला सांगितला आणि आजीचे उत्तर शाळेच्या मराठीत आम्हाला. तासभर असाच दुभाषीपणा चालला. मुलीचे ‘आपण, आपण’ चाललेले, आजी मात्र तिला सरळ ‘तू’ म्हणत होती.

बोलता बोलता आजीच्या तोंडून एक शब्द आला: वेठ. मुलगी खुलली, हा शब्द तिला येत होता! ‘वेठीस धरणे’, म्हणजे उगाच अडवून ठेवणे, वाक्प्रचारांच्या धड्यातला. आजीने मान हलवली. तिचा बाप सावकाराच्या शेतावर फुकट राबायला जाई, ती वेठ. लग्नासाठी कर्ज काढले, की नवरा-बायको दोघांनी धन्याकडे राबत राहायचे. अशाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली उठले आणि वेठीला ‘नाही’ म्हणाले. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. गोदावरीबाईंनी ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये लिहून ठेवली आहे. आमच्यातल्या कितीजणांनी ती वाचली असेल, देव जाणे. मुलीने वहीतला जुना अर्थ खोडला नाही. खाली दुसरा लिहिला.

मला मात्र राहून राहून त्या नातीचे नवल वाटत होते. परदेशी मुलीला आमची मराठी जितकी परकी, तितकी नाही तरी बरीचशी परकी ती या पोरीलाही पहिल्या दिवशी वाटली असणार. फरक एवढाच, की एकीला शिकवायला खास वर्ग, आणि दुसरीला ती आपोआप येते असे सगळ्यांनी धरून चाललेले. याच तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे कधीच ओळखले होते. मुले गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, म्हणून त्यांनी कुरणशाळा काढल्या.

रात्री तारपा वाजला. वाळक्या दुधीचे ते वाद्य; वाजवणारा मध्ये आणि नाचणाऱ्यांची साखळी भोवती, त्याला पाठ न दाखवता. आमची मंडळी पावलागणिक चुकली, पण साखळी कोणी तुटू दिली नाही.

रविवारी निघताना उंच मुलीने वही नातीपुढे धरली. “तुझ्या घरचे शब्द लिहून दे ना.” पोरीने दोन शब्द लिहिले आणि थांबली. म्हणाली, “हे शाळेत लिहायचं नसतं.”

“ही शाळा नाही,” मुलगी म्हणाली, “आणि विद्यार्थी मी आहे.”

पोरीने आजीकडे पाहिले. आजी एकेक शब्द सांगू लागली, नात लिहू लागली, मुलगी मोठ्याने म्हणून बघू लागली, आणि चुकली की तिघीही हसू लागल्या. आमची चारची गाडी चुकली.