झडप आधी, सामान नंतर

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बीबीसारख्या गावात जुने घर दुरुस्तीला काढले की खिडक्यांचा विषय हमखास निघतो. सागवानी चौकटीला खालून वाळवी लागलेली असते किंवा लोखंडी खिडकीचा तळचा पट्टा गंजून सुटलेला असतो. दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, ‘अ‍ॅल्युमिनियम की यूपीव्हीसी?’ माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. खिडकी उघडते कशी आणि तिच्यावर ऊन कधी पडते, हे आधी ठरायला हवे. ते न ठरवता घेतलेली महागडी खिडकीसुद्धा मे महिन्यात खोलीची भट्टी करते.

बीबीच्या लोणार तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. हवा मात्र कोरडी असते, त्यामुळे रात्री तो बऱ्यापैकी उतरतो. अशा हवेत घर थंड ठेवायची रीत जुन्या धाब्याच्या घरांना ठाऊक होती : दिवसा सगळे बंद, रात्री सगळे उघडे. मातीच्या जाड भिंती दिवसाची झळ लवकर आत येऊ देत नसत. आजच्या विटांच्या नऊ इंची भिंती आणि वरचा स्लॅब दिवसभर तापतात, म्हणून त्यांना रात्रीच्या वाऱ्याची गरज अधिकच आहे. खिडकीने दिवसा घट्ट मिटावे आणि रात्री सताड उघडावे, एवढी दोन कामे तिच्याकडून हवीत. सरकत्या, म्हणजे स्लायडिंग खिडकीला नेमकी हीच दोन कामे जमत नाहीत. दोन काचांची असेल तर ती जास्तीत जास्त अर्धी उघडते. आणि बंद केली तरी काच ट्रॅकमध्ये सहज सरकायला हवी म्हणून कडेला रबराऐवजी केसाळ ब्रश असतो, ज्यातून धूळ आणि झळ आत येत राहते. बिजागरीवर फिरणारी झडप पूर्ण उघडते आणि मिटताना रबरावर दाबून बसते.

हे आकड्यांतही दिसते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. उष्ण-कोरड्या प्रदेशात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के आणि मिश्र हवामानात साडेबारा टक्के जागा प्रत्यक्ष उघडणारी असावी, असे ती सांगते. मोजताना झडपेच्या खिडकीची ९० टक्के, तर दोन काचांच्या सरकत्या खिडकीची ५० टक्केच जागा उघडी धरली जाते. ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या बांधकामांसाठी आहे, गावातल्या घराला बंधनकारक नाही. पण तिचा हिशेब आपल्याला उपयोगी पडतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला या मापाने १२ ते १५ चौरस फूट उघडी जागा लागते. चार बाय चारची सरकती खिडकी ८ देते. तेवढ्याच भोकात झडपेची खिडकी साडेचौदाच्या जवळ जाते. भिंत फोडावी लागत नाही.

कूलरचे गणितही इथेच बिघडते. विदर्भात कूलर खिडकीबाहेर बसतो आणि सरकत्या खिडकीचा उघडणारा अर्धा भाग तोच अडवतो. कूलर जितकी हवा आत ढकलतो, तितकी बाहेर जायला दुसरीकडे वाट हवी. ती नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि पंप, पाणी, वीज खर्चूनही अंगाला घाम चिकटून राहतो. समोरच्या भिंतीची झडप उघडी ठेवली की हाच कूलर नीट काम करतो.

आता उन्हाकडे वळू. साध्या पारदर्शक काचेतून उन्हाच्या उष्णतेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग आत येतो. आतून पडदा लावला तरी उष्णता काच ओलांडून आलेली असते. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. हा भाग सुमारे २० अक्षांशावर असल्याने मे महिन्यात दुपारी बाराचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी दक्षिण-उत्तरेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. पश्चिमेचे चार-पाचचे तिरपे ऊन मात्र छज्ज्याखालून सरळ आत घुसते. तिथे बाहेरून बांबूची चिक, वाळ्याची ताटी किंवा भरीव फळीची झडप हाच उपाय. जुन्या वाड्यांतल्या खिडक्यांची वरची आणि खालची झडप वेगळी असे. खालची मिटून वरची उघडली की आडोसाही राही आणि हवाही येई. ही पद्धत आजही कोणताही सुतार करून देऊ शकतो. तिला आपण जुनाट ठरवले, याची मला खंत वाटते.

अ‍ॅल्युमिनियम उष्णता वाहून नेते, तेव्हा यूपीव्हीसीच घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. अ‍ॅल्युमिनियममधून लाकूड किंवा यूपीव्हीसीच्या हजारपटीहून अधिक सहज उष्णता वाहते, हे खरे आहे. पण खिडकीत चौकटीची जागा थोडी, काचेची बरीच; सावली नसेल तर यूपीव्हीसीच्या खिडकीतूनही पश्चिमेचे ऊन तसेच येणार. दुहेरी काचेचेही तेच. एसीच्या खोलीला किंवा रस्त्यावरच्या ट्रकच्या आवाजाला ती कामाची. रात्री खिडक्या उघड्याच ठेवणाऱ्या घराने तो पैसा सावलीवर घालावा.

सामान निवडताना इथली काळी जमीन लक्षात ठेवावी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि उथळ पायाच्या घराच्या भिंती तिच्याबरोबर हलतात. चौकट गुण्यात राहत नाही. लाकडी झडप अडली तर सुतार रंधा मारून ती पुन्हा बसवतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीची तासता येत नाही, बिजागरी वर-खाली करून जमेल तेवढेच. म्हणून जुनी सागवानी चौकट वरून शाबूत असेल तर ती उपटू नये. खालचा कुजका तुकडा कापून नवा जोडावा, वाळवीचे औषध द्यावे आणि झडपा तेवढ्या नव्या कराव्यात. नवीनच घ्यायची तर अ‍ॅल्युमिनियमला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही, आणि त्याच्याही झडपा मिळतात. पातळ पत्र्याचा सेक्शन बिजागरीपाशी ढिला पडतो, त्यामुळे जाडी विचारूनच घ्यावी. यूपीव्हीसी उन्हाने अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट फुगते. पाच फुटी तुकडा ४० अंशांच्या फरकाने चार मिलिमीटर वाढतो. चौकटीभोवती सिमेंट ठासून भरले की झडप अडते. ती फट लवचीक सीलंटने भरावी, आत लोखंडी पट्टी आहे का पाहावे आणि गडद रंग टाळावा. लोखंड स्वस्त आणि मजबूत, वेल्डरही जवळ मिळतो. त्याला दर दोन-तीन वर्षांनी रेडऑक्साइड आणि रंग मात्र हवाच.

झडपेविरुद्धचे आक्षेप खोटे नाहीत. ती वाऱ्याने आपटते, पण आकडी लावली की प्रश्न मिटतो. डासांच्या जाळीची अडचण खरी आहे : झडप बाहेर उघडत असेल तर जाळी आणि गज आत बसवावे लागतात, आणि कडी पकडायला हात जाईल एवढी सोय ठेवावी लागते. झडप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशा अरुंद बोळात सरकती खिडकीच बरी. पावसाच्या बाबतीत मात्र बाहेर उघडणारी झडप सरस. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये मातीचा थर साचतो, त्यात पाखरांचे पंख अडकतात, पाणी जाण्याची बारीक छिद्रे बुजतात, आणि पहिल्याच जोराच्या सरीत पाणी ट्रॅकवरून खोलीत उतरते.

सगळ्या खिडक्या एकदम बदलायची गरज नाही. पश्चिमेची आधी घ्या आणि काम मृगाआधी उरका. लाकडी झडप बसवणार असाल तर ती पावसात फुगेल एवढी फट सुताराकडून आत्ताच सोडून घ्या. दर विचारण्यापूर्वी मिस्त्रीला एवढेच विचारा की सोळा चौरस फुटांच्या खिडकीतली उघडणार किती.