किल्ली कुलपालाच टांगू नका

1998 मध्ये सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पाने वारणानगर परिसरातल्या गावांत संगणक केंद्रे नेली. तिथला एखादा विद्यार्थी आज मुक्तस्रोत डेस्कटॉप प्रोग्रॅमला हवामानाची सेवा जोडू लागला, की त्याला एपीआय की, म्हणजे त्या सेवेची गुप्त किल्ली, लागते. ती कोडमध्ये लिहिली की जगजाहीर. ओळ खोडली तरी कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात उरते. तयार फाइलमध्ये दडवली तरी शोधणारा काढतोच.

मग उपाय? प्रत्येक वापरकर्त्याने स्वतःची की घ्यावी आणि प्रोग्रॅमने ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिजोरीत ठेवावी. किंवा की आपल्या सर्व्हरवर ठेवून विनंत्या तिथून पाठवाव्यात. सेवा लॉगिन मागत असेल, तर त्यासाठी 2015 पासून ‘पीकेसीई’ ही पद्धत आहे: दर वेळी नवे गुपित. की फुटलीच, तर आधी रद्द करा, सारवासारव नंतर.