आधी कोणती जागा?

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावात नव्या वसाहतीत शिरलं की ओपन स्पेस ओळखायला वेळ लागत नाही. भोवतालच्या प्लॉटांवर घरं उभी. मधल्या मोकळ्या तुकड्यात वेडी बाभूळ, कुणाच्या तरी स्लॅबसाठी उतरवलेली वाळू आणि एक ट्रॉली. मोजणीला आलेला माणूस आधी हद्दीचा दगड शोधतो. तो सापडला तर नशीब; कधी तो शेजारच्या वॉल कंपाउंडच्या आत निघतो. गावाची बाग खरं तर इथून सुरू होते, दगड जागेवर आहे की नाही यापासून.

1964 साली इथे आयुध निर्माणी आली. पुढे गाव महामार्गाच्या अंगाने वाढलं, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली, शेतं एनए होत गेली. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या भुसावळ पट्ट्यात संध्याकाळी म्हाताऱ्यांनी बसायचं कुठे, हा प्रश्न म्हणून फुटकळ नाही.

बागेसाठी जागा दोन वाटांनी मिळते. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. तिच्यासाठी पालिकेला जमिनीचे पैसे मोजावे लागत नाहीत. दुसरी वाट विकास योजनेतल्या आरक्षणाची. नकाशावर हिरवा रंग भरला, तरी सात-बाऱ्यावर नाव मालकाचंच राहतं. जागा घ्यायची तर समझोत्याने, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा एफएसआय (चटई क्षेत्र) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. 2013च्या भूसंपादन कायद्याने शहरी हद्दीत बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. टीडीआरचा मोह मोठ्या शहरातल्या मालकाला पडतो. छोट्या गावात टीडीआर विकत घेणारा बिल्डरच नसतो, तिथे मालक रोख मागतो. आणि त्याचं चुकत नाही.

शिवाय मुदत आहे. 1966च्या नगररचना कायद्याच्या कलम 127नुसार योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द समजलं जातं. ‘खरी’ हा शब्द महत्त्वाचा. श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हेच पुन्हा बजावलं: नुसता ठराव करून किंवा प्रस्ताव पाठवून भागत नाही.

म्हणून प्राधान्याची यादी करताना सर्वात मोठी जागा वर घालायची सवय सोडली पाहिजे. आधी हातातल्या ओपन स्पेसची मोजणी, सात-बाऱ्यावर पालिकेची नोंद आणि तारेचं कुंपण. हे काम थोड्या पैशांत होतं आणि अतिक्रमण वेळीच थांबतं. संपादनाचा पैसा मुदत संपत आलेल्या आरक्षणांकडे वळवावा. त्यातही ज्या वस्तीत दहा मिनिटं चालून एकही सार्वजनिक सावली सापडत नाही, तिथलं आरक्षण आधी. नोटीस आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

विकासातही क्रम असतो. जळगावात काव्यरत्नावली चौकाजवळ जैन समूहाने फुलवलेलं भाऊंचं उद्यान खानदेशातल्या प्रत्येक गावाला हवंसं वाटतं, पण तसा पाठीराखा प्रत्येक गावाला मिळत नाही. वरणगावसारख्या ठिकाणी कारंजं आणि लॉन मागे ठेवून पहिल्या पावसाळ्यात कडुनिंब, करंज, पिंपळ लावून घ्यावेत. खेळणी नंतर आणता येतात. अंदाजपत्रकात मात्र उद्घाटनाच्या वर्षापुरती तरतूद चालणार नाही. बोअरच्या विजेचं बिल आणि एका माळ्याचा पगार दरवर्षी धरावा लागतो. हे दोन आकडे लिहिल्याशिवाय नवी जागा यादीत चढवूच नये.