‘पास’च्या शिक्क्यामागे

चार्जर चाचणीत पास होतो, शिक्का उमटतो, माल बाजारात जातो. ही अधिकृत कथा. ईएमआयच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या, चाचणी चेंबरच्या जाड दाराबाहेर चहाचे कप घेऊन ताटकळणाऱ्यांकडे मात्र वेगळीच आवृत्ती असते.

इतके चार्जर 65 किलोहर्ट्झलाच का चालतात, असं नवख्यानं विचारलं की त्याला कार्यक्षमतेवर प्रवचन मिळतं. आतली गोष्ट अशी की वायरीतून मेन्सकडे परतणाऱ्या नॉइजची मोजणी बहुतेक मानकांत 150 किलोहर्ट्झपासून सुरू होते. 65 ची दुप्पट 130. म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सी आणि तिची पहिली बहीण, दोघीही जकात नाक्याच्या अलीकडेच उतरतात. सापडते ती तिसरी, 195 वाली. तोवर तिच्यातला जोर ओसरलेला असतो.

हीटसिंकवरून तर खात्याखात्यांत जुंपते. पॉवरवाल्यांना मॉसफेट, म्हणजे चार्जरमधला स्विच, झटकन चालू-बंद व्हायला हवा, म्हणजे तापत नाही. ईएमआयवाला त्याच्या गेटला मोठा रेझिस्टर लावून त्याला सुस्त करतो. मॉसफेट तापतो. मेकॅनिकलवाले मोठं हीटसिंक देतात आणि चॅसिसला आवळून टाकतात. आता मॉसफेटची पाठ म्हणजे ड्रेन, सेकंदाला हजारो वेळा शेकडो व्होल्ट उड्या मारणारा. मध्ये पातळसा इन्सुलेटर, पलीकडे हीटसिंक: झाला फुकटचा कपॅसिटर! नॉइज थेट अर्थिंगला. बैठकीत तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, हाच खरा वैताग. शेवटी कुणीतरी हीटसिंक चॅसिसपासून सोडवून प्रायमरीच्या ग्राउंडला जोडतो. नॉइज आतल्या आत परततो, आलेख खाली बसतो, टाळ्या पडतात. मग सेफ्टीवाला विचारतो, “आता याला हात लावला तर शॉक बसेल, ते कोण बघणार?”

वाय-कपॅसिटरचंही तसंच. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तो बसवला की चाचणी पास. पण दोन पिनांच्या चार्जरवर धातूचा लॅपटॉप चालवणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. कपॅसिटर वाढवा, तक्रारी वाढतात. कमी करा, चाचणी फेल. मग ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमध्ये तांब्याची पट्टी घालायची ठरते. परचेसवाल्याचा एकच प्रश्न: “हिच्याशिवाय चार्जर चालतो ना?” चालतो, हीच तर अडचण.

चेंबरमधला आवडता किस्सा: पडद्यावरचं शिखर काही केल्या हलेना. फेराइटचे मणी लावून झाले, झाकण आवळून झालं. वैतागून कुणीतरी चाचणीतलं यंत्रच बंद केलं. शिखर जागच्या जागी! कोपऱ्यात विसरलेला लॅपटॉपचा अडॅप्टर इमानेइतबारे चालू होता.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. विजेवरच्या मोटारींच्या इन्व्हर्टरची खरखर एएम रेडिओत शिरते, म्हणून काही कंपन्यांनी तो एएम रेडिओच काढून टाकला. नॉइज दाबण्यापेक्षा श्रोता हटवणं स्वस्त! फोर्डही त्याच वाटेनं निघाली होती. अमेरिकेत आणीबाणीच्या सूचना एएमवरून जातात म्हणून लोकप्रतिनिधी खवळले, आणि मे 2023 मध्ये कंपनीनं निर्णय फिरवला. ज्या विजेवरच्या गाड्या एएमविना विकल्या गेल्या होत्या, त्यांना तो परत कसा देणार? सॉफ्टवेअर अपडेटनं.