दिवा छताला, उजेड कुणाला?

निपाणी-बेळगावच्या अंगावरून जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूर, पुणे, मुंबई करत थेट सुरत जिल्ह्यात पोहोचतो. तिथे पलसाणा तालुक्यात कडोदरा हे गाव आहे. सुरत-बारडोली रस्ता याच गावात महामार्गाला छेदतो. आजूबाजूला कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. आपल्या शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांना सुरतेचे नाव चांगलेच परिचयाचे आहे. तिकडच्या कृत्रिम धाग्याच्या स्वस्त साड्यांशीच त्यांना बाजारात टक्कर द्यावी लागते.

छताच्या दिव्यांवरील लेखात साड्या आणि कडोदरा कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण सोपे आहे. कापड रंगवणाऱ्याला दिव्याची जेवढी पारख करावी लागते, तेवढी आपण घर बांधतानाही करत नाही. रंग ठरल्याप्रमाणे उतरला की नाही, हे पाहण्यासाठी या धंद्यात एक खास पेटी वापरतात. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा, दुकानातल्या ट्यूबसारखा आणि जुन्या पिवळ्या बल्बसारखा असे निरनिराळे दिवे असतात. एका दिव्याखाली अगदी जुळणारे दोन तुकडे दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून कापड प्रत्येक दिव्याखाली धरून पाहतात.

आपल्या घरातल्या बायका हे शास्त्र न शिकता जाणतात. दुकानात साडी पसंत पडली तरी ‘जरा बाहेर उजेडात दाखवा’ असे म्हणतातच. मात्र तीच साडी रोज ज्या दिव्याखाली नेसायची, तो दिवा घेताना आपण फक्त ‘किती वॅटचा?’ एवढेच विचारतो.

रंग खरा दिसायला हवा

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. निळा प्रकाश देणाऱ्या चकतीवर पिवळसर लेप देऊन तो पांढरा केलेला असतो. या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. हलक्या प्रतीच्या दिव्यात लाल रंगाचा अंश कमी पडतो. मग कुंकू काळपट दिसते, टोमॅटो शिळा वाटतो आणि माणसाचा चेहरा आजारी दिसतो.

यासाठी खोक्यावर ‘सीआरआय’ हा आकडा पाहावा. तो शंभरपैकी असतो. घरासाठी तो किमान ८० असावा. स्वयंपाकघर आणि आरशाजवळच्या दिव्यासाठी ९० असल्यास उत्तम.

दुसरा आकडा केल्विनचा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ४००० म्हणजे मधला आणि ६५०० म्हणजे शुभ्र. पुष्कळांचा समज असा की, जितका शुभ्र तितका रंग खरा. तसे नाही. ६५०० केल्विनचा दिवाही रंगाच्या बाबतीत खोटा असू शकतो. दोन्ही आकडे वेगवेगळे पाहावेत. झोपण्याच्या खोलीत पिवळसर, अभ्यासाला व स्वयंपाकाला मधला, अशी वाटणी बहुतेक घरांना मानवते.

किती उजेड लागतो?

उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. वॅट म्हणजे केवळ विजेचा खर्च. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देई. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० देतो आणि २० वॅटची एलईडी पट्टी सुमारे २००० देते.

दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. बसण्याउठण्यासाठी दर चौरस मीटरला १५० ल्युमेन धरले, तर १६५० लागतील. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामाला येत नाही. काही भिंती खातात, काही धूळ खाते. निम्म्याहून थोडा अधिक हाती लागतो असे धरले, तर पावणेतीन हजार ल्युमेनची सोय करावी लागते. म्हणजे एक पट्टी आणि एक बल्ब. भारी झुंबर घेतले आणि त्यातून हजारच ल्युमेन पडले, तर त्याखाली पेपर वाचता येणार नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार वेगळा करावा. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच उजेड पोहोचतो. ‘अज्जी’ हा शब्द मराठी-कन्नड दोन्ही घरांत चालतो. तिच्या खोलीतला दिवा मात्र दोन्ही घरांत सगळ्यात मंद असतो! तिच्या खोलीत, न्हाणीघराच्या वाटेवर आणि जिन्यात जास्त उजेड हवा. तिथला एक अंधारा कोपरा म्हणजे मोडलेले हाड आणि महिनोन्महिने अंथरूण.

दिवा कुठे लावायचा?

आपण म्हणतो ‘दिव्याखाली अंधार’, कन्नडमध्ये म्हणतात ‘दीपद केळगे कत्तले’. छताच्या दिव्याच्या बाबतीत अंधार आपल्या पुढ्यात पडतो. स्वयंपाकघरात दिवा छताच्या मधोमध असतो आणि बाई भिंतीकडे तोंड करून ओट्यापाशी उभी असते. तिचीच सावली विळीवर आणि कढईवर पडते. ओट्याच्या वर, कपाटाखाली, एक छोटी पट्टी लावली की हा त्रास संपतो. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलालाही हाच नियम. दिवा पाठीमागे नको. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तो डावीकडून हवा.

दुसरी नेहमीची चूक पंख्याची. पीओपीच्या छतात बसवलेले गोल दिवे पात्यांच्या वर आले, की खोलीभर सावल्या फडफडत राहतात आणि डोके दुखते. पात्यांच्या घेराबाहेर हातभर जागा सोडूनच दिवे बसवावेत.

पाळ्यांची कामे असलेल्या घरांनी आणखी एक पथ्य पाळावे. कडोदऱ्यासारख्या कारखान्यांच्या गावात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, तर त्याच खोलीत दुसऱ्याचा डबा व्हायचा असतो. तेव्हा एका बटणावर सगळे दिवे न घेता दोन बटणे करावीत. वायरिंग करतानाच सांगितले तर याला फारसा खर्च नाही.

कौलारू घर, स्लॅबचे घर

पांढरे स्लॅब उजेड परत खाली फेकते. लाल कौले, आपल्याकडची ‘हंचु’, आणि काळसर तुळया तो गिळून टाकतात. म्हणून जुन्या घरात वर तोंड केलेला दिवा वाया जातो. तिथे तुळईवरून खाली लोंबणारा, उजेड खाली टाकणारा दिवा घ्यावा. लाकडाला लागून उघडी वायर नसावी, ती पट्टीत किंवा नळीत बंद असावी. जड झुंबर लावायचे तर आकडा छतात नीट रोवलेला आहे ना, हे आधी तपासून घ्यावे.

एलईडीमध्ये बहुधा आधी जातो तो त्याचा ‘ड्रायव्हर’, आणि तोही उष्णतेने. पीओपीच्या आत हवा खेळत नसेल, तर २५ हजार तासांची हमी खोक्यावरच राहते. ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असाच दिवा घ्यावा. नाहीतर दर वेळी छत उकरावे लागते.

खरेदीला जाताना

सरकारच्या ‘उजाला’ योजनेची सुरुवात ५ जानेवारी २०१५ रोजी झाली. कर्नाटकात तिचे नाव ‘होस बेळकु’ होते, म्हणजे नवा उजेड. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीचा भाव २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. त्यामुळे एलईडी घराघरांत पोहोचला, तसा बनावट मालही आला.

तेव्हा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. बल्बला आयएस १६१०२ आणि छताच्या दिव्याला आयएस १०३२२ ही मानके लागतात. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तो क्रमांक तपासता येतो. दाब वरखाली होणाऱ्या गावात किती व्होल्टपर्यंत दिवा टिकतो, हेही वाचावे. दुकानात दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर जाड पट्टे सरकताना दिसले, तर दिवा लपलपतो आहे. पक्के बिल घ्यावे, त्याशिवाय हमीला अर्थ नाही.

बचतीचा हिशेबही पाहा. चोकसकट ५० वॅट खाणाऱ्या चार जुन्या ट्यूब काढून २० वॅटच्या पट्ट्या लावल्या आणि त्या रोज पाच तास जळल्या, तर महिन्याला १८ युनिटे वाचतात. ‘गृहज्योती’ योजनेत २०२२-२३ च्या सरासरी वापरावर दहा टक्के अधिक, आणि तेही २०० युनिटांच्या आत, अशी मर्यादा आहे. काठावर असलेल्या घराला ही १८ युनिटे मोलाची ठरतात.

घर नवे बांधणार असाल तर क्रम उलटा करू नका. आधी कोण कुठे बसणार, शिजवणार, वाचणार, झोपणार ते कागदावर मांडा. मग इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्यानंतर पीओपीवाल्याला, आणि दुकानात सगळ्यात शेवटी जा. जाताना घरातली एखादी लाल काठाची साडी पिशवीत घ्या आणि पसंत पडलेल्या दिव्याखाली ती धरून पाहा. लाल लालच दिसला, तर तो दिवा घ्यायला हरकत नाही.