तंटा मिटला, पण बैठकीत कोण बसलं होतं?

सातारा-सांगलीच्या बऱ्याच गावांच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी अजून दिसते. रंग उडालेला असतो, खाली कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली असते, पण पाटी असते. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झाली. ती आणली तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, म्हणजे तासगाव तालुक्यातल्या अंजनीच्या आबांनी. गावाला 200 पैकी गुण मिळत, लोकसंख्येनुसार 1 लाखापासून 10 लाखांपर्यंत बक्षीस मिळे आणि 190 च्या वर गुण गेले तर विशेष शांतता पुरस्कारही. पुढे मोहिमेचा जोर ओसरला, तरी गावोगावच्या समित्या राहिल्या आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमजही राहिले.

जगात जिथे यादवी होते तिथे मदत संस्था शांतता आणि मध्यस्थीचे सल्लागार नेमतात. संयुक्त राष्ट्रांनी 2012 मध्ये चांगल्या मध्यस्थीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पूर्वतयारी, दोन्ही बाजूंची संमती, निःपक्षपातीपणा आणि सर्वसमावेशकता ही पहिलीच नावं आहेत. सुदान-कोलंबियासारख्या ठिकाणांसाठी लिहिलेलं हे सगळं बांधाच्या भांडणालाही जसंच्या तसं लागू पडतं. आपल्याकडे त्याचा विचार कमी होतो, कारण तंटा मिटवणं हे ज्येष्ठांच्या अनुभवाचं काम आहे, त्यात शिकण्यासारखं काय, असं आपण धरून चालतो.

गैरसमज: समिती म्हणजे गावचं कोर्ट.

नाही. समितीला दंड करता येत नाही, शिक्षा देता येत नाही, कुणाला बैठकीला ओढून आणता येत नाही. ग्रामसभेने निवडलेली ही माणसं फक्त समजूत घालू शकतात. ‘ऐकलं नाही तर गावाने बोलायचं नाही’ असा ठराव झाला, तर तो ठराव करणारेच आरोपी होतात. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रात जुलै 2017 पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामागे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायतींविरुद्धचं काम होतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 2013 मध्ये, खून होण्याच्या काही आठवडे आधी, या कामाला जोर लावला होता.

गैरसमज: गावातलं सगळं गावातच मिटवावं.

हे वाक्य ऐकायला गोड आहे आणि सर्वांत घातकही. किरकोळ मारहाण, वाट अडवणं, शिवीगाळ अशा गुन्ह्यांत तडजोड करायला कायदा परवानगी देतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 मध्ये ही यादी होती, 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 मध्ये आहे. काही गुन्ह्यांत तडजोडीलाही कोर्टाची परवानगी लागते. पण बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार, ॲट्रॉसिटी कायद्याखालचे गुन्हे यांत समितीचा संबंधच येत नाही. बलात्काराच्या प्रकरणात तडजोड चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बजावून सांगितलं. दोघा सज्ञानांच्या लग्नात खाप किंवा पंचायतीने नाक खुपसणं बेकायदा आहे, हे 2018 मध्ये. अशा वेळी ‘पोरीची बदनामी नको’ म्हणून बैठक लावणारा माणूस शांतता राखत नसतो, तो गुन्हा दडपत असतो.

गैरसमज: स्टॅम्पवर लिहून सह्या झाल्या, की मिटलं.

पाचशेचा स्टॅम्प, चार साक्षीदार, वर फोटो. आणि सातबाऱ्यावर अक्षरही बदललेलं नाही. जमिनीचा हक्क बदलत असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो, मग फेरफार. दावा कोर्टात पडून असेल तर तडजोड कोर्टापुढे किंवा लोकअदालतीत ठेवायची. लोकअदालतीचा निवाडा पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. दोन शेतकरी वर्षानुवर्षं एकमेकांची जमीन कसत असतील, तर 2023 च्या सलोखा योजनेत अदलाबदलीच्या दस्ताला 1,000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1,000 रुपये नोंदणी फी एवढ्यात काम होतं. अट एकच मोठी: एकमेकांकडचा ताबा किमान 12 वर्षांचा हवा.

गैरसमज: दोन्ही बाजू खूश म्हणजे न्याय झाला.

इथे जरा थांबू या. एक नेहमीची बैठक डोळ्यांपुढे आणा. देवळाच्या मंडपात सतरंजी. दोन भाऊ, मधे सामाईक विहीर, मोटारीचं बिल कोणी भरायचं यावरून सहा वर्षं बोलणं बंद. समितीचे अध्यक्ष, पोलीस पाटील, सरपंच, भावकीतले दोघे-तिघे. दोन तासांत वाटणी ठरते: विहिरीची पाळी चार-चार दिवस, वरचा तुकडा थोरल्याला, खालचा धाकट्याला. चहा येतो. भाऊ गळ्यात पडतात, कुणाचे तरी डोळे पाणावतात. वहीत नोंद होते: तंटा मिटला.

आणि बहिणी? त्यांना पुढच्या आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं जातं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं. म्हणजे त्या जमिनीला चार वाटेकरी असतील, तर बैठकीत बसले होते दोन. उरलेल्या दोघींना ‘सही कर, माहेर तुटायला नको’ एवढंच सांगितलं जातं. ज्या बाईने आपखुशीने हक्क सोडला तिचा तो निर्णय, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिला आधी कुणी विचारलं का, तिचा वाटा किती होता हे कुणी आकड्यात सांगितलं का, एवढं तरी त्या वहीत असायला हवं. भावांचा तंटा मिटवण्याची किंमत बहिणींनी मोजली, हे त्या वहीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मध्यस्थीच्या कामात मुरलेली माणसं म्हणूनच बैठकीआधी एक कागद घेऊन बसतात. या निर्णयाने कुणाचं काय बदलणार आहे, त्या सगळ्यांची नावं. त्यातली किती बैठकीत आहेत? नाहीत ती का नाहीत? हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि आपल्याकडे ते जवळपास कुणी करत नाही.

गैरसमज: सर्वसमावेशक म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवणं.

हा उलट बाजूचा घोळ. समितीत दोन बायका घेतल्या, त्या भिंतीकडेला पदर सावरून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, तरी समावेश झाला! किंवा मार खाणाऱ्या सुनेला नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर आणि वीस पुरुषांसमोर उभं करून ‘सांग बाई काय ते’ म्हणायचं. ती काय सांगणार?

वेगळं, आधी, एकांतात ऐकून घेणं हाही समावेशच. कोलंबियात सरकार आणि फार्क बंडखोरांची बोलणी हवानात चालली होती, तेव्हा 2014 मध्ये हिंसेची झळ बसलेल्या माणसांची पाच शिष्टमंडळं तिथे नेली, एकेकात 12 जण. त्यांना कराराच्या टेबलावर कायमचं बसवलं नाही. पण दोन्ही बाजूंना त्यांचं समोरासमोर ऐकावं लागलं.

गैरसमज: मध्यस्थ वजनदार हवा.

वजनदार माणसाने मिटवलेलं भांडण त्याचं वजन आहे तोवर मिटलेलं राहतं. शिवाय कारखान्याचा संचालक, सोसायटीचा चेअरमन, मोठा बागायतदार यांचा शब्द गावात मोडवत नाही, कारण उसाची तोड आणि पीककर्ज त्यांच्या हातात असतं. माणूस ‘हो’ म्हणतो, पण ती संमती नसते, तो हिशेब असतो.

केनियाच्या ईशान्येला वाजीर नावाचा दुष्काळी जिल्हा आहे, आपल्या जत-आटपाडीपेक्षाही रखरखीत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कुळाकुळांत रक्तपात चालला होता. देखा इब्राहिम अब्दी आणि तिच्या सोबतच्या बायकांनी सुरुवात बाजारातून केली: कुठल्याही कुळाच्या बाईला तिथे निर्धास्त विकता-घेता आलं पाहिजे. मग त्या म्हाताऱ्या पंचांकडे गेल्या आणि मध्यस्थीसाठी पुढे कोणाला केलं, तर सर्वांत लहान कुळांतल्या वडीलधाऱ्यांना. ज्यांच्यामुळे कुणाचंच पारडं जड होत नाही, त्यांना. देखा यांना 2007 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपली मोहीमही त्याच वर्षी सुरू झाली होती, हा निव्वळ योगायोग.

सांगलीकरांना यासाठी केनियाला जायचीही गरज नाही. गोकुळनगरसारख्या वस्त्यांमध्ये देहविक्री करणाऱ्या बायकांची ‘व्हॅम्प’ ही संघटना ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून 1996 मध्ये उभी राहिली. गिऱ्हाईक, घरवाली, सावकार, गुंड यांच्याशी होणारे तंटे सोडवायला त्यांच्या स्वतःच्या समित्या आहेत. ज्यांना गावाने कधी पंचात बसवलं नसतं त्याच बायका पंच आहेत. खुल्या मनाने पाहिलं तर या जिल्ह्यात मध्यस्थी शिकायची सर्वांत चांगली जागा कदाचित तीच असेल.

गैरसमज: पत्री सरकार म्हणजे तळपायावर मार.

इंग्रजांच्या खबऱ्यांना, दरोडेखोरांना दिलेल्या शिक्षाच लोकांच्या गोष्टींत उरल्या. प्रत्यक्षात 1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात (सांगली त्यातून 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या पत्री सरकारने, म्हणजे प्रतिसरकारने, गावोगाव न्यायदान मंडळं चालवली आणि जमिनीचे, सावकारीचे, घरगुती तंटे मोठ्या संख्येने निकाली काढले. चळवळीचं केंद्र कुंडल हे औंध संस्थानातलं. त्या संस्थानाने 1939 च्या स्वराज्य घटनेतच पंचायतींना निवाड्याचे अधिकार देऊन न्याय गावात नेला होता. तरी एक लक्षात ठेवावं: प्रतिसरकारच्या निवाड्यामागे तुफान सेनेची सशस्त्र ताकद होती. आजच्या समितीमागे असं काही नाही आणि असूही नये. म्हणून त्या काळाचा दाखला देऊन ‘दोन ठेवून दिल्या की मिटतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नये.

गैरसमज: भांडण दिसत नाही, म्हणजे शांतता आहे.

सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या अफझलखानवधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि संचारबंदी लागली. आदल्या महिन्यात कुणी विचारलं असतं, तर ‘आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ हेच उत्तर आलं असतं. सप्टेंबर 2023 मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत मोबाइलवरच्या पोस्टवरून जमाव चालून गेला, एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक दोन्हीकडे होतेच. तिथे मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, नगरसेवक येतात, पेढा खातात, सहकार्याचं आश्वासन देतात. रात्री अकराला फॉरवर्ड करणारी विशीतली पोरं तिथे नसतात. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्या नेमक्या उलट पद्धतीने: पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं, दोन्ही धर्मांची, आणि फक्त सणापुरती नव्हे तर वर्षभर भेटणारी. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली.

गैरसमज: तंटा मिटवणं हेच शेवटचं काम.

पाण्याच्या पाळीवरून भांडणारे दोघे समजुतीने घरी जातील, पण पुढच्या चैत्रात विहीर पुन्हा कोरडी पडणारच. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळीराजा धरण उभं राहिलं ते ऐंशीच्या दशकातल्या मुक्ती संघर्ष चळवळीतून, आणि त्यासाठीचा पैसा नदीची वाळू विकून उभा केला. पाणी वाटायचं ठरलं ते जमिनीच्या मापाने नव्हे, तर प्रत्येक कुटुंबाला सारखं, भूमिहीनांनाही. म्हणूनच त्या पाण्यावर ऊस नको, असंही ठरलं. तंटा होण्याआधीच त्याचं मूळ काढायचा हा प्रयत्न होता.

आता कराडजवळून टेंभू योजनेचं पाणी खानापूर-आटपाडीपर्यंत आलंय, म्हैसाळ योजनेचं जतकडे गेलंय, आणि भांडण पाणी नाही याचं न राहता पाणी वरच्यांनीच ओढलं याचं झालंय. त्यासाठी 2005 च्या सिंचन कायद्यात एक तरतूद आहे: पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या मुखाकडच्या, मधल्या आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यांना सारख्याच जागा. तुमच्या संस्थेच्या मागच्या तीन सभांची उपस्थिती काढून पाहा. शेपटाकडच्या सह्या किती आहेत, आणि त्यांपैकी किती घरपोच घेतलेल्या आहेत, ते कळेल.