तबकडीवरील नाव आणि आतील हात

व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, लंडनच्या कारागिरांनी मेजावर ठेवण्याची जी उंची घड्याळे घडविली, त्यांपैकी एखादे समोर आले तर दृष्टी प्रथम त्याच्या रूपावर खिळते. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी चौकट, कडा तासलेल्या जाड काचा, निळे पोलादी काटे आणि उचलण्यासाठी वर बसविलेली मूठ! काट्यांचा तो निळा रंग लावलेला नसतो. घासून लखलखीत केलेले पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले म्हणजे तो आपोआप उमटतो. तबकडीवर डेंट किंवा फ्रॉडशॅम असे एखादे प्रसिद्ध नाव असते. परंतु या घड्याळांची खरी थोरवी रूपात नसून, जे मुळात विषम आहे त्याला सम करण्याच्या युक्तीत आहे.

मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवण्याची गरज त्या काळात आगगाडीमुळे वाढली. पूर्वी प्रत्येक गावाची वेळ तेथील सूर्यावरून ठरे. ब्रिस्टलचे घड्याळ लंडनच्या सुमारे १० मिनिटे मागे असे, आणि त्यात कोणाचे काही अडत नसे. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या सर्व स्थानकांवर लंडनची वेळ चालू केली, आणि १८८० मध्ये ग्रिनिचची वेळ कायद्याने ग्रेट ब्रिटनभर लागू झाली. घरातल्या घड्याळाकडूनही मग अधिक नेमकेपणाची अपेक्षा होऊ लागली.

जे घड्याळ उचलून दुसरीकडे न्यावयाचे, त्यात लंबक चालत नाही. त्याच्या जागी मागेपुढे झुलणारे तोलचाक असते व घड्याळाला शक्ती गुंडाळलेल्या कमानीची मिळते. आता कमानीचा स्वभाव असा की, नुकतीच किल्ली दिली असता ती जोराने ओढते आणि उलगडत गेली म्हणजे मंदावते. यावरील उपाय म्हणजे फ्यूझी, अर्थात मळसूत्री खोबण असलेला शंकूच्या आकाराचा कप्पा. कमानीच्या डबीवरून एक बारीक साखळी या कप्प्यावर येते. कमान जोरात असते तेव्हा साखळी कप्प्याच्या अरुंद टोकाला ओढते. कमान थकते तेव्हा रुंद टोकाला. दार बिजागरीजवळ ढकलले तर फार बळ लागते, कडेशी ढकलले तर बोटानेही उघडते. तोच न्याय येथे लागू पडतो. त्यामुळे किल्ली दिल्यापासून पुढच्या किल्लीपर्यंत चाकांना जवळजवळ सारखाच जोर मिळतो. किल्ली देताना मात्र ही ओढ क्षणभर तुटते. तेवढ्या वेळात घड्याळ चालू ठेवणारी लहानशी साहाय्यक कमान जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकातच योजून ठेवली होती.

दुसरा शत्रू उष्णता. हवा तापली की तोलचाकावरील केसासारखी पोलादी कमान दुबळी होते. काही उपाय न केल्यास एका अंशाच्या वाढीने घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडते. म्हणून तोलचाकाची धाव आतून पोलादाची व बाहेरून पितळेची करून ती दोन ठिकाणी कापीत. पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. त्यामुळे उष्णतेने धावेची मोकळी टोके आत वळतात, तिच्यावरील वजने मध्याकडे सरकतात, चाक जलद झुलू लागते आणि कमानीची उणीव भरून निघते. एक धातू दुसऱ्याचा दोष झाकतो, तो असा.

मात्र हे सारे तबकडीवर नाव असलेल्या गृहस्थाच्या हातून होत नसे. लंडनच्या क्लार्कनवेल भागात कोणी चाके कापी, कोणी तबकड्या करी, कोणी कोरीव काम करी. फ्यूझीच्या साखळ्यांचे काम तर समुद्रकाठच्या क्राइस्टचर्च या गावी मोठ्या प्रमाणावर चाले. तेथील गरीब स्त्रिया व मुली, वर्कहाउसमधील मुलांसह, इवल्याशा पोलादी कड्या खिळ्यांनी एकमेकींत जोडीत बसत. एकेका साखळीत असे शेकडो सांधे असत. हे काम डोळ्यांची परीक्षा पाहणारे होते, आणि कित्येकांची दृष्टी त्यापायी अधू झाली.

पुढे यंत्रावर झालेली स्वस्त घड्याळे अमेरिकेतून व स्वित्झर्लंडमधून आली. साखळी नको, कप्पा नको, अशी रचना रूढ झाली आणि हा व्यवसाय ओसरला. तथापि नीट जपलेली ती घड्याळे आजही चालतात. तबकडीवरील नाव वाचणाऱ्याने काचेतून त्या साखळीकडेही एकदा निरखून पाहावे. घड्याळाची सारी समता तिच्यावर तोललेली आहे, आणि ती जोडणारीचे नाव तेथे कोठेही कोरलेले नाही.